आणखी बारा फूट

चर्चासत्राला येणाऱ्यांच्या यादीतलं एकोणिसावं नाव वाचून व्हर्ना हार्डरने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. नाव तेच राहिलं. लुसिएन देजार्ले, देखभाल पर्यवेक्षक, शाळा विभाग. त्याच्या वर नळकामाच्या कंपनीतल्या दोन बायका होत्या, खाली काचकाम करणारा कुणी सिंग होता, आणि मध्ये हे नाव, बाकीच्यांसारखंच, त्याच टायपात. खिडकीबाहेर कॅनडातल्या विनिपेगचा मार्च होता. वितळून पुन्हा गोठलेलं बर्फ आणि त्यावर नगरपालिकेच्या गाडीने टाकलेली वाळू. समोरच्या वाहनतळात एका बाईच्या गाडीचं चाक खड्ड्यात अडकलं होतं. ती गाडी पुढे घेई, मागे घेई. व्हर्ना तिच्याकडे बघत राहिली. ही गाडी निघाली की आपण यादीकडे पुन्हा बघू, असं तिने ठरवलं. गाडी निघाली. व्हर्नाने यादी पालथी ठेवली.

चर्चासत्र घ्यायची कल्पना गार्थची. गार्थ मॅकॉली हा शहरातल्या बांधकाम संघटनेचा संचालक, व्हर्नाच्या वीस वर्षांच्या ओळखीतला. ती निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. एकतीस वर्षं तिने एका मोठ्या कंपनीची कंत्राटं सांभाळली होती, आणि आता घरी तिला सकाळी आठ वाजताच दिवस संपल्यासारखा वाटायचा. गार्थचा फोन आला तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या बाटल्या अक्षरांच्या क्रमाने लावत होती. "गेल्या वर्षी मी वकील आणला होता," गार्थ म्हणाला. "अर्धी माणसं घोरत होती आणि उरलेली अर्धी त्यांचं घोरणं ऐकत होती. तू ये. तू बोललीस की लोक सरळ बसतात." ती म्हणाली, "भीतीने बसतात." तो म्हणाला, "मग भीतीने बसू दे गं. बसले पाहिजेत." विषय कंत्राटातले बदल. इमारत कागदावर एक असते आणि जमिनीत दुसरीच निघते. मधला जो फरक, त्याला या धंद्यात चेंज ऑर्डर म्हणतात. काय बदललं, का बदललं, किती दिवस जास्त लागणार, आणि खाली सह्या. कागद आधी, काम नंतर. नियम सगळ्यांना पाठ असतो आणि शुक्रवारी दुपारी कुणालाच आठवत नाही.

तिने आखणी मनापासून केली होती. पहिली दहा मिनिटं व्याख्यान नाही, कलमं नाहीत, पडद्यावर बारीक अक्षरं तर नाहीतच. सहा-सहाजणांची टेबलं. प्रत्येक टेबलावर एक पाकीट, पाकिटात एका कामाची गोष्ट. मग दोघांनी उठून पुढे यायचं. एकाने मुख्य कंत्राटदाराची व्यवस्थापक व्हायचं, दुसऱ्याने त्याच्या हाताखालचा पाइलवाला, म्हणजे पायाचे खांब जमिनीत उतरवणारा. दोघांच्यात एक फोन झालेला. फोनवर काय बोलणं झालं ते कुठेच लिहिलेलं नाही. बाकीच्या हॉलने प्रश्न विचारायचे आणि शेवटी हात वर करून सांगायचं, खरं कोण बोलतंय. गोष्ट तिने एका बैठकीत लिहून काढली होती. पेन थांबलं नव्हतं. किती वर्षांत असं काही सरसर आलं नव्हतं, आणि त्या आनंदात तिने टोस्टवर दोनदा लोणी लावलं होतं. लिहिताना आपण कुणाचं लिहितोय हे आपल्या मनात नव्हतं, असं ती आता यादी पालथी ठेवून स्वतःला सांगत होती. पण शाळेच्या जागी तिने रुग्णालय केलं होतं. नोव्हेंबरचा ऑक्टोबर केला होता. बारा फुटांचे दहा केले होते. काहीच मनात नसतं तर माणूस महिना कशाला बदलेल?

अकरा वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. एका शाळेच्या नव्या व्यायामशाळेचा पाया चालू होता. लुसिएन आणि त्याचा थोरला भाऊ आर्मान, देजार्ले बंधू म्हणून दोघांचा पाइलचा धंदा. ड्रिल लुसिएन चालवायचा, काँक्रीट आर्मान बघायचा. शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला लुसिएनचा फोन आला. मागे ड्रिलची घरघर होती आणि तो ओरडून बोलत होता. "बॉस, नकाशातल्या खोलीला पोचलोय आणि खाली घट्ट काहीच नाहीये. नुसता पाण्यातला चिखल. भोकाच्या भिंती ढासळायला लागल्यात. आणखी बारा फूट जावं लागेल आणि आतून पोलादी नळी घालावी लागेल. इंजिनिअरचा फोन लागत नाही." इंजिनिअर विमानात होता. सोमवारपर्यंत भोक उघडं राहिलं तर आत कोसळणार, शेजारची दोन भोकंही धरून नेणार. व्हर्नाच्या टेबलावर संत्र्यांची पेटी होती. डिसेंबर जवळ आला की कचेरीत कुणी ना कुणी आणतंच. फोन खांद्याला दाबून ती संत्रं सोलत होती. बोटं चिकट झाली होती, सालीचा रस नखाखाली झोंबत होता. "बॉस, ऐकतेयस ना?" आणि ती तोंडात फोड असताना म्हणाली होती, "जा खाली. कागद सोमवारी करू." इतकंच. सात सेकंद लागले असतील. त्यानंतर तिने हात धुतले.

सोमवारी तिने कागद केला नाही, कारण सोमवारी दुसऱ्याच कामावरची क्रेन बंद पडली. मंगळवारी केला नाही, कारण मंगळवार होता. बुधवारी शाळेच्या इंजिनिअरने विचारलं की सहा खांब नकाशापेक्षा बारा-बारा फूट खाली गेले कसे, कुणाच्या परवानगीने, आणि आपण न पाहिलेलं काम आपण मान्य करणार नाही असं सांगितलं. खोलीत तिघे पुरुष होते. तिचा साहेब हॅरल्ड, इंजिनिअर आणि शाळेचा माणूस. व्हर्नाला बढती मिळून सहा आठवडे झाले होते. त्या खुर्चीत तिच्याआधी कुणी बाई बसलेली नव्हती, आणि हे तिला रोज कुणी ना कुणी कौतुकाने सांगायचं. हॅरल्डने मान वळवली. "व्हर्ना, तू त्याला सांगितलंस?" रागाने नाही, अगदी सहज. तिघेही तिच्याकडे बघत होते. ती म्हणाली, "मी त्याला म्हटलं, थांब. लेखी येऊ दे." ते वाक्य कुठून आलं हे तिला आजही सांगता आलं नसतं. तिने ते रचलं नव्हतं. जिना उतरताना पायरी चुकली की हात आपोआप कठड्याकडे जातो, तसं ते आलं. हॅरल्ड म्हणाला, "बरं. वाटलंच मला." आणि बैठक पुढच्या मुद्द्याकडे गेली.

मग ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणावं लागलं. वकिलाला, पत्रात, आणि वसंतात लवादासमोर. तिथे शपथेसाठी बायबल पुढे केलं गेलं तेव्हा ती म्हणाली, आमच्या पंथात शपथ घेत नाहीत. खरंच घेत नाहीत. तिचे वडील दक्षिणेकडच्या, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या गावात गहू पिकवायचे आणि आयुष्यात एकदाही त्यांनी शपथ घेतली नव्हती. ज्याचं हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही असतं त्याला देवाला साक्षीला कशाला बोलवावं लागतं, असं ते म्हणायचे. लवादाने समजुतीने मान हलवली आणि नुसतं वचन घेतलं. लुसिएन समोर बसला होता, अंगात लग्नाकार्यात घालायचा कोट. तो ओरडला नाही. एकदाच म्हणाला, "ती तसं म्हणाली नव्हती," आणि आपल्या भावाकडे बघितलं. आर्मान टेबलाकडे बघत होता. निकाल लागायचा तसा लागला, जादा कामाचे पैसे देजार्ले बंधूंना मिळाले नाहीत. लेखी काहीच नव्हतं, आणि दोघांच्या शब्दांपैकी एकाच्या मागे कंपनी होती. नंतर शहरभर एक विनोद झाला. कुठल्याही कामावर कुणी म्हणायचं, "लिहून दे बाबा, नाही तर देजार्ले पाताळात जाईल." एका ख्रिसमस पार्टीत तो व्हर्नाच्या समोर झाला. हातात पेला होता. ती हसली. इतरांहून कमी नाही, जास्तही नाही, बरोबर जेवढं हसायला हवं तेवढी.

आणि चमत्कार असा की वर्षं गेली तशी ती दोन्ही वाक्यं तिला आठवायला लागली. "थांब, लेखी येऊ दे" हेही ती स्वतःच्या आवाजात ऐकू शकायची, फोनमधली ड्रिलची घरघर आणि लुसिएनचं "बॉस" यांच्यासकट. काही दिवस तर हीच आठवण जास्त स्पष्ट असायची, जास्त वेळा हाताळलेली म्हणून. तिला फसवता न आलेली गोष्ट एकच. खोट्या आठवणीत संत्रं नव्हतं. तिथे तिचे हात स्वच्छ, कोरडे, टेबलावर एकावर एक ठेवलेले होते, आणि फोन कोण धरून होतं कळत नव्हतं.

दुपारी तिने गोष्ट बदलायला घेतली. खांब काढले, खिडक्या घातल्या. मालकाला काळ्या चौकटी हव्या होत्या, आल्या तपकिरी, फोनवर म्हणे चालेल असं सांगितलं गेलं. तिने सगळं पुन्हा लिहिलं, वाचलं. दिवाळखोर दुकानाच्या पाटीसारखं निर्जीव झालं होतं. कुणी तपकिरी खिडकीसाठी भांडेल? कुणाच्या नखाखाली झोंबेल? तरी तिने ते गार्थला पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन. "व्हर्ना, हे काय पाठवलंयस? ही खिडकीची गोष्ट मेलेली आहे. हिला हलवलं तरी उठायची नाही. खांबांची कुठे गेली?" ती म्हणाली, "ती जरा अवघड आहे." "अवघडच हवीय की. अगं मी वाचली आणि आमच्या कचेरीतल्या चौघांना वाचायला दिली. जेवणाच्या सुट्टीत दोघांचं भांडण झालं, कोण खोटं बोलतोय यावरून. भांडण, व्हर्ना! या कचेरीत लोक शेवटच्या बिस्किटावरूनसुद्धा भांडत नाहीत." तिने श्वास घेतला. "तरी आपण खिडकीची घेऊ." गार्थ म्हणाला, "आता कसं घेणार? मी खांबांची पाठवून दिलीय. सोमवारीच. नावं नोंदवलेल्या सगळ्यांना. आधी वाचून आले की रंगत येते, तूच म्हणाली होतीस ना?" ती म्हणालीच होती. आखणीच्या पहिल्या पानावर, अधोरेखित.

म्हणजे लुसिएनने वाचलं होतं. ऑक्टोबर, रुग्णालय, दहा फूट. चर्चासत्रापर्यंतच्या आठ दिवसांत व्हर्ना प्रत्येक गोष्ट अर्धवट करत होती. शाळा विभागाचा नंबर शोधला, फिरवला, "देखभाल खातं" असा एका बाईचा आवाज आला तेव्हा ठेवून दिला. त्याला काय म्हणायचं? येऊ नकोस? की ये? तो मुद्दाम नाव नोंदवून येत होता की नोकरीतल्या कुणी परस्पर घातलं होतं? यादीत फक्त नाव होतं, चेहरा नव्हता. आजारी पडायचाही विचार तिने करून बघितला. घसा हलकासा दुखतोय असं दोन दिवस वाटलं आणि मग तो घसाही बरा झाला. ती दुकानात राय धान्याचा पाव घ्यायला गेली आणि रांगेत पुढे पांढऱ्या केसांचा एक रुंद खांद्यांचा माणूस बघून पाव तिथेच ठेवून बाहेर आली. तो माणूस वळला तर कुणी तरी भलताच, मिशीवाला. गाडीत बसून तिला जाणवलं की आपल्याला भीती वाटतेय ती त्याच्या रागाची नाही. तो उभा राहून सगळ्यांसमोर ओरडला तर बरंच होईल. ओरडणाऱ्या माणसासमोर गंभीर चेहऱ्याने उभं कसं राहायचं हे तिला येत होतं. भीती होती ती दुसऱ्याच कसली तरी, आणि तिला नाव देता येईना.

त्या सकाळी चाळीस माणसं आली. ओले बूट, जॅकेटांचा ढीग, मागच्या टेबलावर कॉफीचे थर्मास आणि लिंबाच्या वड्या. लुसिएन तिसऱ्या टेबलावर बसला होता. तिने त्याला लगेच ओळखलं आणि वाटलं, आपण उगाच त्याला म्हातारा कल्पत होतो. केस पिकले होते, पण बसणं तेच, हात मांडीवर, जणू अजून ड्रिलच्या खुर्चीत. त्याने मान हलवली. तिने मान हलवली. गार्थने तिची ओळख करून दिली, एकतीस वर्षं वगैरे, आणि म्हणाला, "व्हर्नाबाईंनी सांगितलंय की आज कुणाला झोपू द्यायचं नाही. ज्याला झोपायचंय त्याने लेखी अर्ज करावा." लोक हसले. तिने पाकिटं उघडायला सांगितली. आवाज स्थिर होता. तो नेहमीच स्थिर असायचा.

"पाइलवाला कोण होणार?" तिने विचारलं. नळकामाच्या कंपनीतली एक धिप्पाड बाई उठली. ब्रेंडा नाव, आवाज भोंग्यासारखा. "मीच होते. आमच्या धंद्यात रोज हेच तर होतं." पुन्हा हशा. "आणि व्यवस्थापक?" कुणी हलेना. मग तिसऱ्या टेबलावर खुर्ची सरकली. लुसिएन उठला, गुडघ्यावर हात देऊन, सावकाश, आणि पुढे येऊन मांडलेल्या खुर्चीत बसला. हॉलमध्ये मागे कुणी तरी म्हातारा शेजाऱ्याच्या कानाशी लागला. जुनी माणसं होती काही. व्हर्नाला कागदावरचं पुढचं वाक्य वाचायचं होतं. ते तिने वाचलं. "आता हॉल प्रश्न विचारेल."

प्रश्न आले. किती वाजता फोन झाला, दुसरं कोण हजर होतं, त्याच दिवशी दोन ओळींचं पत्र का नाही पाठवलं. ब्रेंडा जोरात भांडत होती. "पत्र? भोक कोसळत होतं साहेब! मी काय चिखलाला म्हणू, थांब रे बाबा, टपाल येऊ दे?" टाळ्या पडल्या. मग काचवाल्या सिंगने लुसिएनकडे वळून विचारलं, "तुम्ही सांगा मॅडम. तुम्ही म्हणालात का तिला, खाली जा?" मॅडम म्हटल्यावर हॉल पुन्हा हसला. लुसिएन हसला नाही. तो व्हर्नाकडे बघतही नव्हता. समोरच्या भिंतीकडे बघत तो म्हणाला, "हो. मी म्हणाले. जा खाली, कागद सोमवारी करू." मग चारी बाजूंनी गलका झाला. "अरे, असं कबूल केलंत तर खेळ संपला!" "असं कुणी कबूल करतं का?" "राव, तुम्ही कंत्राटदार शोभत नाही!" गार्थ हसून टाळ्या वाजवत पुढे आला, "नाही नाही लुसिएन, जरा झुंजायचं असतं, पुन्हा घेऊ या." लुसिएन म्हणाला, "मला वाटलं, एवढंच म्हणायचं होतं. एवढं अवघड असेल असं वाटलं नव्हतं."

व्हर्नाला कळलं की भीती याचीच होती. तो आपल्यावर ओरडेल ही नाही, तर तो आपल्या जागी बसून आपलं वाक्य इतक्या सोपेपणाने म्हणेल ही. सात सेकंदही लागले नव्हते. "गार्थ, थांब," ती म्हणाली. ध्वनिक्षेपक तिच्या हातातच होता आणि आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. "ही गोष्ट रचलेली नाही. रुग्णालय नव्हतं, शाळा होती. व्यवस्थापक मी होते. पाइलवाले हे." तिने हाताने दाखवलं. "यांनी मला विचारलं आणि मी जा म्हटलं. आणि मग विचारल्यावर मी नाही म्हणाले. लवादासमोर नाही म्हणाले. हे खोटं बोलत नव्हते. मी बोलत होते." आणखी काही बोलायला हवं असं वाटून ती तशीच उभी राहिली, पण आणखी काही नव्हतंच. हीटरचा आवाज यायला लागला. ब्रेंडा हातातल्या कागदाची घडी घालत होती, पुन्हा उलगडत होती. मागचा म्हातारा उभा राहिला, काही बोलणार असं वाटलं, मग जॅकेट उचलून बाहेर गेला. कुणीही तिच्याकडे रागाने बघत नव्हतं. ते सगळे किंचित खाली, तिच्या बुटांच्या उंचीवर बघत होते, रस्त्यात कुणी पडलं की बघतात तसं. गार्थ घसा साफ करून म्हणाला, "आपण... कॉफी घेऊ या का? पंधरा मिनिटं." उरलेला भाग त्याने स्वतः घेतला. कलमं वाचून दाखवली.

लुसिएन वाहनतळात आपल्या पिकअपला टेकून उभा होता. ती कोट न घालताच बाहेर आली होती. "मला खात्याने पाठवलं," तो आपण होऊन म्हणाला. "नाव बघून आलो नाही मी. पाकीट आल्यावर कळलं. मग येणारच नव्हतो." "मी लिहून देते," व्हर्ना म्हणाली, "सगळं. सही करून. वकिलाकडून नीट करून घेते, हॅरल्डच्या कंपनीला पाठवते, छापायचं तर..." तो तिच्याकडे बघत राहिला. "कुणाला दाखवू ते?" तो पुढे म्हणाला, "ज्यांनी विनोद केले त्यांचं मला कधीच काही वाटलं नाही बॉस. वाईट वाटलं पण निभलं. शाळेतले बॉयलर सांभाळतो, बरं चाललंय. पण आर्मानने तुझं खरं मानलं. म्हणाला, तुला मोठं काम दाखवायची हाव सुटली आणि फोनची थाप मारलीस. बाई बायबलवर हात न ठेवतासुद्धा खरं बोलते अशा लोकांतली आहे, असं म्हणाला. त्या दिवसापासून सात वर्षं एक शब्द बोलला नाही माझ्याशी. आणि मग गेला. चार वर्षं झाली." बर्फाचं पाणी वाहनतळातून गटाराकडे वाहत होतं. व्हर्नाला थंडी वाजत नव्हती, आणि ते तिला विचित्र वाटलं. "मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तुला कसं माहीत असणार?" तो दार उघडत म्हणाला. मग थांबला. "लिहून काही देऊ नकोस. वहिनी आहे अजून. सोलांज. पुलापलीकडे राहते, पंधरा मिनिटं लागतील. तिला तोंडाने सांग. चल." तो हे विनवून म्हणाला नाही, हुकूम म्हणूनही नाही. कामाच्या जागी पुढचं काय ते सांगतात तसं म्हणाला. ती कोट आणायला आत गेलीच नाही.

ती त्याच्या पिकअपमागे आपली गाडी चालवत राहिली. पुलावर नदीचं बर्फ मधोमध काळं पडलेलं दिसलं. घर छोटं, निळ्या दाराचं. लुसिएनने पिकअप पलीकडे लावली आणि काच खाली केली. "तू जा. मी नाही येत. मला त्या दारातून आत घेत नाहीत." सोलांज सत्तरीची, बारीक, स्वयंपाकाचा झगा घातलेली. शेगडीवर वाटाण्याचं सूप शिजत होतं, हॅमचं हाड आत. लवादाच्या दिवशी ती मागच्या बाकावर होती, म्हणून तिने व्हर्नाला ओळखलं. "ती कंपनीची बाई ना तुम्ही? आर्मान तुमचं नाव घ्यायचा. चांगलं घ्यायचा हो." खुर्ची पुढे केली. व्हर्ना बसली आणि तिने दुसऱ्यांदा, पण पहिल्यांदाच एकाच माणसासमोर, ते सांगितलं. शुक्रवार, फोन, काय म्हणाले, बुधवारी काय म्हणाले, वसंतात काय म्हणाले. हॉलमध्ये शब्द सपाट आले होते. इथे ते येईनात. मध्ये तिला दोनदा थांबावं लागलं. सोलांज डाव हातात धरून उभी होती.

"म्हणजे लुसिएन खरं बोलत होता," ती म्हणाली.

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो."

सोलांजने डाव खाली ठेवला. व्हर्ना वाट बघत होती. शिव्या, रडणं, बाहेर हो. काहीही चाललं असतं. पण म्हातारी तिच्याकडे बघतच नव्हती. "आर्मानचं शेवटी शेवटी पुष्कळ नरमलं होतं," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "इस्पितळात म्हणायचा, बोलव त्याला, एकदा बोलव. मीच म्हटलं, कशाला? खोटारड्या माणसाला कशाला? तुझं डोकं दुखेल उगाच. मी फोन नाही केला. मी." ती खिडकीशी गेली, पडदा बाजूला केला. पलीकडची पिकअप बघून तिच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. मग ती तशीच, सपाता घातलेली, दार सताड उघडं टाकून पायऱ्या उतरली, वितळत्या बर्फातून वाट काढत, हात पसरून तोल सांभाळत, रस्ता ओलांडून पलीकडे गेली.

व्हर्ना खिडकीतून बघत होती. सोलांज पिकअपच्या काचेशी उभी होती आणि बोलत होती. लुसिएन खाली उतरला नव्हता. त्याचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. काय बोलणं होत होतं ते ऐकू येत नव्हतं. म्हातारीने एकदा छातीवर हात मारून घेतला. तो मान हलवत होता, नाही म्हणून की काय म्हणून, इथून कळेना. बराच वेळ गेला. उघड्या दारातून गार वारा आत येत होता. दार लावावं तर त्या दोघांना वाटेल आपण त्यांना बाहेर ठेवलं, आणि निघून जावं तर त्यांच्या समोरूनच जावं लागेल. मागे शेगडीवर सूप उतू जायला लागलं. परक्या घरातली ती शेगडी, कुठलं बटण कुठल्या चुलीचं हे व्हर्नाला माहीत नव्हतं. तिने एक फिरवलं, मग दुसरं. जाळ बारीक झाला. तिने डाव उचलला आणि भांड्याच्या तळाशी लागू नये म्हणून सूप ढवळत उभी राहिली.